डॉरिसवरचा पाडवा

आमच्या उल्हासला पाणी आवडत नाही. मिरजेत वाढलेला माणूस, कृष्णा हाकेच्या अंतरावर, पण हा कधी घोट्याच्या वर भिजला नाही. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा मी लाटांत उड्या मारत होते आणि हे महाशय वाळूत माझ्या चपला राखत बसले होते. पोहता येत नाही, शिकायचं नाही, आणि वर ऐट अशी की पोहणाऱ्यांचंच काहीतरी चुकतंय. अशा माणसाने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मेलबर्नच्या डँडेनॉन्गमधलं चांगलं चार खोल्यांचं घर सोडून बोटीवर राहायला जावं! मला सांगा, हसावं की रडावं? मी दोन्ही केलं. आधी हसले.

बोटीचं नाव डॉरिस. चाळीस फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. आगगाडीचा डबा कोणीतरी दोन्ही बाजूंनी दाबला आणि पाण्यात सोडला, असं ध्यान. इंग्लंडमधल्या कालव्यांवर अशा बोटी असतात म्हणे. एका इंग्रज म्हाताऱ्याने ही इथे पेन्सविलमध्ये स्वतःच्या हाताने बांधली, तिला बायकोचं नाव दिलं, आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती विकून मुलीकडे निघून गेला. पेन्सविल हे मेलबर्नपासून साडेतीन-चार तासांवरचं गाव, मोठमोठ्या तळ्यांच्या काठी. घरांच्या मागून कालवे काढलेत आणि घराला अंगण असावं तसा ज्याला त्याला आपापला लाकडी धक्का. बेव्ह नावाच्या सत्तरी उलटलेल्या बाईच्या धक्क्याला डॉरिस बांधलेली असते. आत शिरलं की आधी पलंग, मग न्हाणीघर म्हणायचं ते कपाट, मग गॅसचा ओटा, लाकडं जाळायची छोटी लोखंडी शेगडी, आणि दुसऱ्या टोकाला दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी जागा. संपलं घर. मराठी मंडळातल्या चित्रलेखाने मला विचारलं, "उल्हास कुठे असतो गं हल्ली?" मी म्हटलं, "डॉरिसकडे." तिचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही!

आता हा माणूस कोण ते सांगते. उल्हास रेल्वेच्या सिग्नलचा इंजिनिअर. लहानपणी मिरज जंक्शनच्या शंटिंगच्या खडखडाटात झोपायचा. शांतता झाली की जागा व्हायचा, असं सासूबाई सांगायच्या. अठ्ठ्याण्णव साली आम्ही मेलबर्नला आलो तेव्हा बॅगेत प्रेशर कुकर होता आणि याच्या डोक्यात लाल-हिरवे दिवे. इथेही त्याला तेच काम मिळालं आणि चोवीस वर्षं त्याने ते इमानाने केलं. घरी कोणी पाहुणे आले की तो त्यांना समजावून सांगायचा, सिग्नल बिघडला तर तो आपोआप लालच झाला पाहिजे, हिरवा राहता कामा नये. सगळी विद्या त्यातच आहे. पाहुणे जांभया द्यायचे. मी चहा टाकायला उठायचे.

मग कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला. केक कापला, कॉफीचा मग हातात दिला आणि छप्पन्नाव्या वर्षी हा घरी. मला वाटलं, महिनाभर झोप काढेल, मग लागेल कशाला तरी. छे! पहाटे पाच-चाळीसला उठायचा, दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि सोफ्यावर बसायचा. आमचं घर रुळांच्या अगदी जवळ. गाडी गेली की ओट्यावरच्या वाट्या किणकिणतात. प्रत्येक गाडीला तो मान वर करायचा. मी म्हणायचे, अरे, बागेत जा, मंडळात ये, कोणाच्या तरी मुलाला गणित शिकव. तो म्हणायचा, "बघू." दीड वर्ष मी "बघू" ऐकलं. माझ्या नाकावर मुळातच राग, त्यात हे. मी भांडी आपटायचे. तो उठून माझ्यामागे दार हळूच लावून घ्यायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

आणि एक दिवस सकाळी, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं त्याने सांगितलं, "सुखदा, मी एक बोट घेतलीय." गेल्या सप्टेंबरात तो "दोन आठवडे रंग लावून येतो" म्हणून गेला. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. दिवाळीला दोन दिवस येऊन, चकल्या खाऊन परत गेला. ख्रिसमस गेला. आमची लेक रुचा सिडनीला ब्लॅकटाउनमध्ये असते, तिला फोन केला तर म्हणते, "मम, जस्ट लेट हिम बी. ही इज फाइन." फाइन म्हणे! मग मी कोण? तीस वर्षांचा संसार, आणि माझा नवरा एका लोखंडी डबीत एकटा राहतो, मी एका रिकाम्या घरात एकटी राहते. हा माणूस माझ्याकडे परत येणार की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. दुसरं काही नको. शेवटी मी त्याला मुदत दिली. मे संपेपर्यंत, म्हणजे इथला ऑटम संपेपर्यंत, काय ते सांग. नाहीतर मी घर बंद करून रुचाकडे जाते, तू आणि डॉरिस सुखात नांदा. तो म्हणाला, "बघू."

तोवर मी वीकेंडला जाऊन-येऊन होते. शुक्रवारी काम संपवून डँडेनॉन्गहून बेर्न्सडेलची गाडी धरायची. तीन तास खिडकीला डोकं लावून. पुढे वीस मिनिटं मोटार. हा न्यायला यायचा, पण स्टेशनात कधी येणार नाही! दोन रस्ते पलीकडे एका बेकरीसमोर मोटार लावून बसायचा. मी हातात डबे, खांद्यावर बॅग, वर पाऊस, अशी चालत तिथपर्यंत. "अरे, शंभर पावलं पुढे यायला काय झालं?" तर म्हणे, "तिथे पार्किंग नसतं." समोर ढीगभर जागा रिकामी! मी मनात म्हटलं, याला मी नकोशीच झालेय. बाकी काही नाही.

पण मार्चमध्ये पाडवा रविवारी आला होता, आणि मी हट्टाने त्याच्या आधीचे दोन आठवडे रजा टाकली. डँडेनॉन्गच्या एका डेंटिस्टकडे मी फोनवर असते. लोक "हॅलो" म्हणाले की त्यांची कोणती दाढ दुखतेय ते मला कळतं, असं आमचे डॉक्टर थट्टेने म्हणतात. रजा मागितली तर म्हणाले, "नो वरीज, सुखदा." गेले मी.

त्या दोन आठवड्यांचं काय सांगू? भांडायच्या तयारीने गेले होते आणि भांडणच विसरून गेले. सकाळी जाग यायची तेव्हा खिडकीच्या गोल काचेत काहीच नसायचं. नुसतं पांढरं. कालव्यावर धुकं इतकं दाट की समोरचं घर, धक्का, बेव्हचं लिंबाचं झाड, सगळं कोणीतरी पुसून टाकलेलं. मग हळूहळू एकेक परत यायचं. आधी झाड, मग त्यावरची पिवळी लिंबं, मग धक्का. पाणी हलायचं नाही, आणि तरी बोट हलायची; झोपेत बाळ कूस बदलतं ना, तेवढीच. उल्हास तोवर शेगडी पेटवून बसलेला असायचा. रेडगमच्या लाकडाचा वास, चहाचा वास, आणि गरम कपाला दोन्ही हात लावून बसलेली मी. किती वाजले ते मी विचारायचं सोडून दिलं. बुधवार की गुरुवार हेही नंतर नंतर कळेनासं झालं.

कामं असायची, नाही असं नाही. बोटीचा संसार म्हणजे घरच्यापेक्षा दुप्पट उस्तवार. पाण्याची टाकी नळीने भरायची, आणि टाकी भरली तरी भांडी दोन तांब्यांत घासायची. तळात साचलेलं पाणी उपसायचं. छतावरच्या सोलर पॅनलवर पक्षी घाण करतात, ती फडक्याने पुसायची, नाहीतर संध्याकाळी दिवे मलूल. संडासाची टाकी... जाऊ दे, ते त्याचं खातं. लाकडं आणायची, फोडायची, छतावर रचायची. घरी बल्ब बदलायला ज्याला चार वेळा सांगावं लागायचं, तो माणूस इथे न सांगता सगळं करत होता. हळूहळू, एकावर एक. दोरखंडाची गाठ मारताना तर असा रंगून जायचा की मी तासभर नुसती बघत बसे.

दुपारी कधीतरी तो दोर सोडायचा, लांब काठीने बोट धक्क्यापासून ढकलायचा आणि इंजिन सुरू करायचा. वेग चालणाऱ्या माणसाइतका. काठावरून कुत्रा फिरवणारी बाई आमच्याआधी पुढे जायची आणि वर हात हलवायची. घरांच्या मागच्या बाजू संथपणे सरकत जायच्या, वाळत घातलेले टॉवेल, उलटी ठेवलेली होडी, पिवळी पडलेली पॉपलरची झाडं आणि पाण्यात तीच झाडं उलटी. कालवा संपून तळं लागलं की एकदम आभाळच आभाळ. काळे राजहंस पाण्यावर अगदी निवांत बसलेले. उल्हासकडे एक वही होती, तीत तो पेलिकनची नोंद करायचा. "नऊ-दहा, अप, दोन. नऊ-पंचवीस, डाउन, एक." मी खो खो हसले. "अरे, पक्ष्यांना कसलं अप-डाउन?" तो गंभीरपणे म्हणाला, "नऊ-पंचवीसवाला रोज येतो. काल सात मिनिटं लेट होता." मग स्वतःच हसला. किती महिन्यांनी हसला होता, देव जाणे. मला इतकं बरं वाटलं की तेवढ्यात विचारून घेतलं, "मग, घरी कधी येतोस?" त्याचं हसू गेलं. वही मिटली. "बघू."

माझी जीभ! कोणीतरी तिला गाठ मारायला हवी होती.

पाडव्याला मी सगळं सामान घरून नेलं होतं. फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून वाळलेला कडुनिंब, मंडळातल्या शोभाताईंनी स्वतः पाडलेली साखरेची गाठी, आमच्या बागेतल्या झेंडूंची वाळवलेली माळ, तांब्याचा तांब्या, आणि माझी केशरी नारायणपेठी, सासूबाईंनी दिलेली. काठी नव्हती. उल्हास म्हणाला, "बोट ढकलायची काठी आहे ना." ती चांगली बारा फुटी. धुकं नुकतंच विरत होतं, ऊन कोवळं. त्याने छतावर चढून काठी धरली, मी खालून एकेक वस्तू देत गेले. साडी चुण्या करून बांधली, निंबाची डहाळी, माळ, गाठी. शेवटी मी तांब्या वर दिला. तो हातात घेऊन उल्हास थांबला. चांगला मिनिटभर थांबला. मी ओरडले, "अरे, मुहूर्त टळेल! काय बघतोस?" तो म्हणाला, "काही नाही." आणि तांब्या काठीच्या टोकावर उपडा घालून त्याने काठी छताच्या कठड्याला उभी बांधली. बाई गं, काय देखणी दिसत होती गुढी! कालव्याच्या पाण्यात तिची केशरी सावली लांबच लांब पडली होती. मी हात जोडले. मनात काय मागितलं ते वेगळं सांगायला नको.

मग आत येऊन मी पुऱ्या तळायला घेतल्या. फोनवर आरती मोठ्याने लावलेली, वर कढईचा चुरचुराट. श्रीखंड वाटीत काढलं. उल्हास समोर बसला होता, पहिली पुरी त्याच्या ताटात पडली होती, आणि एकदम बोट अशी हिंदकळली की कढईतलं तेल काठापर्यंत आलं. मी गॅस बंद केला आणि बाहेर धावले.

बाहेर बघते तर काय! बचावपथकाची पिवळी बोट दिवे लुकलुकवत आमच्या अंगाला येऊन लागलेली. तीत दोन स्वयंसेवक, एक तरुण मुलगी सुकाणूवर आणि एक पांढऱ्या दाढीचा आडदांड माणूस, पिवळं जाकीट, हातात औषधांची बॅग. धक्क्यावर बेव्ह, नाइटगाऊनमध्ये, वॉकर धरून, थरथरत. ती ओरडत होती, "मी किती हाका मारल्या! किती हाका मारल्या!" आरतीच्या आवाजात आम्हाला कुठलं ऐकू येतंय? बेव्हचा नवरा नेव्हीत होता. तो गेला तरी त्याचा निशाणांचा तक्ता तिच्या स्वयंपाकघरात अजून टांगलेला आहे. आणि त्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय, चौकोनी फडकं आणि त्याच्या वर किंवा खाली चेंडूसारखं काहीतरी गोल, असं बोटीवर चढवलेलं दिसलं तर समजावं की ती संकटात आहे. ताबडतोब मदत पाठवा. तिने खिडकीतून बघितलं, वर गोल, खाली फडकं, तेही भडक केशरी. तिने फोन उचलला.

कर्म माझं! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात जोडून सांगायला लागले, सॉरी, सो सॉरी, हा आमचा न्यू इयर आहे, ही आमची पद्धत आहे, संकट-बिंकट काही नाही, एव्हरीथिंग इज फाइन. ती मुलगी हसायला लागली. दाढीवाला, त्याचं नाव ग्लेन, तोही हसला. आणि मग त्याने, इथे जसं कोणीही कोणालाही विचारतं तसं, उल्हासकडे बघून सहज विचारलं, "यू राइट, मेट?" म्हणजे, बरा आहेस ना?

या प्रश्नाला या देशात एकच उत्तर असतं. सत्तावीस वर्षांत मी दुसरं ऐकलेलं नाही. उल्हास बोटीच्या दारात उभा होता, एका हातात अजून पुरी. तो म्हणाला, "नो. आय डोन्ट थिंक आय अ‍ॅम."

मी वळून बघितलं. मला वाटलं, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

ग्लेनने बॅग खाली ठेवली, मुलीला इंजिन बंद करायला सांगितलं, आणि आमच्या बोटीवर येऊन छताच्या कडेला बसला. शेजारची जागा थोपटली. उल्हास बसला. आणि बोलायला लागला. सगळं इंग्रजीत, हळू आवाजात, ऑफिसमध्ये बिघाडाचा रिपोर्ट सांगावा तसं. झोप लागत नाही, दोन वर्षं झाली. कशातच काही वाटत नाही, मुलीचा फोन आला तरी वाटत नाही. घरी असताना सकाळी शर्ट घालून तो डँडेनॉन्ग स्टेशनवर जाऊन बसायचा, मी कामाला गेल्यावर. नुसत्या गाड्या बघायचा. मग एक दिवस प्लॅटफॉर्मवर त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्या दिवशी तो तसाच उठून घरी आला आणि ठरवलं की रुळांच्या इतक्या जवळ आपण राहायचं नाही. जिथे गाडीचा आवाज येत नाही अशी जागा त्याने नकाशात शोधली. हा कालवा कमरेएवढाच खोल आहे, हेही त्याने आधी विचारून घेतलं होतं.

ग्लेनला लगेच समजलं. मला समजायला काही क्षण लागले. मग ती बेकरी आठवली, आणि पावसात डबे घेऊन चालताना मी त्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या आठवल्या. मी तिथेच बोटीच्या दारात खाली बसले.

ग्लेन तास-दीड तास होता. तो जुना सुतार. म्हणाला, मीही एक वर्ष माझ्या शेडमध्ये असाच बसून काढलंय, मेट. डॉक्टरकडे जायला हवं, उद्याच. मी स्वतः घेऊन जातो, माझी ओळख आहे. उल्हासने मान डोलावली. लगेच. "बघू" नाही, काही नाही! मग ग्लेनने चार पुऱ्या आणि दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. बेव्हलाही धक्क्यावर खुर्ची टाकून ताट दिलं. ती म्हणाली, दही इतकं गोड का केलंय? तरी बोटाने वाटी निपटली.

ते गेल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? भांडले. हो, भांडले! रडत भांडले. "तीस वर्षं, उल्हास! तीस वर्षं मी तुझ्या शेजारी झोपते आणि तू हे पिवळ्या जाकिटातल्या परक्या माणसाला सांगतोस? इंग्रजीत? मी काय मेले होते? मी होते ना इथे, तीन फुटांवर!"

तो म्हणाला, "तू दर वेळी विचारायचीस, घरी कधी येतोस. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं गं. दुसरं काही तू विचारलं नाहीस."

असं काळजात घुसलं ते. खोटं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. खरं होतं. जगाच्या दाढा मला फोनवर कळतात आणि घरच्या माणसाचं दुखणं कळलं नाही, त्याची लाज वाटली. अजून वाटते.

तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. बोटीचं लायसन्स काढताना याने परीक्षा दिली होती, आणि हा परीक्षेचं पुस्तक पाठ करणारा माणूस. "उल्हास, तुला हा सिग्नल माहीत होता?"

"पुस्तकात होता. तांब्या हातात घेतल्यावर आठवला."

"आणि तरी चढवलास?"

"उतरवावासा वाटला नाही."

आयुष्यभर सिग्नल सांभाळलेला माणूस. त्याच्या हातून चूक झाली नव्हती. सूर्य कलला तसे आम्ही छतावर गेलो, हळदकुंकू वाहिलं आणि गुढी उतरवली. साडीची घडी मी घातली, गाठी दोघांनी मोडून खाल्ली.

पुढचा ऑटम कसा गेला ते मला दिवसांत सांगता येणार नाही. रजा वाढवून घेतली. मंगळवारी बेर्न्सडेलला डॉक्टर, मोटारीने. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे त्याला त्यांनी नुसती गुंगी यायची, मग जरा झोप लागू लागली. गुरुवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, ग्लेन यायचा, दोघं मिळून काहीतरी तासत बसायचे. रुचा आली, बापाच्या कुशीत तोंड खुपसून रडली, "डॅड, यू शुड हॅव टोल्ड अस," आणि दोन दिवस राहून गेली. एप्रिलमध्ये घड्याळं मागे गेली, संध्याकाळी लवकर अंधारून यायला लागलं. पॉपलरची पानं गळून कालव्यावर पसरायची आणि डॉरिस त्यांतून जाताना पानं बाजूला होऊन तिच्यामागे परत एक व्हायची. आम्ही फार बोलायचो नाही. मी कधी कधी भांडी आपटायचे, जुनी सवय. पण विचारायचं ते बदललं. सकाळी चहा देताना विचारायचे, "कसं आहे?" तो म्हणायचा, "ठीक." मला ते "ठीक" ओळखीचं होतं. ग्लेनला खरं सांगतो, डॉक्टरला खरं सांगतो, आणि मला अजून "ठीक"च. दार उघडलं होतं, पण दुसऱ्यांसाठी. मी गप्प बसायला शिकत होते. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

मे संपला कधी, मुदत टळली कधी, माझ्या लक्षातही आलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक सकाळ. खिडकीत पांढरं धुकं, शेगडी पेटलेली, मी ओट्यापाशी आलं किसत होते. उल्हास पलंगाच्या कडेला बसला होता, एक मोजा घातलेला, एक हातात. मी त्या दिवशी काहीच विचारलं नव्हतं.

तो म्हणाला, "सुखदा, आज बरं नाही वाटत गं. कालच्यापेक्षा जड आहे."

मराठीत. मला.

नवरा बरं नाही म्हणतोय आणि माझ्या मनात आनंद मावत नव्हता. कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील. मी चहाखालचा गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.